हे पत्र दातांसाठी नाही

विसावा वृद्धाश्रम, मंठा
मंगळवार, दुपारच्या जेवणानंतर

चि. सौ. दैवशाला हिला,

तातेरावचा आशीर्वाद. (भांडण आपल्या जागी, आशीर्वाद आपल्या जागी. मोठ्या भावाला आशीर्वाद बंद करायची सोय नाही, नाहीतर भाऊबीजेलाच केला असता.) तुझा गुडघा थंडीत कसा आहे? बद्रीनाथ दाजींचा खोकला गेला की अजून रात्री गल्ली जागी करतात? छकुली सासरी रमली का? आणि तिचे ते नवे यजमान, ज्यांच्या पहिल्या दिवाळसणाला तुझ्या घरात एवढा कार्यक्रम झाला, ते खुशाल असतील. जावईबापूंना माझा नमस्कार सांग. त्यांचं माझ्याबद्दल काय मत झालं ते मला कळवू नकोस.

आता पहिली गोष्ट. हे पत्र दातांसाठी नाही. माझी कवळी तुझ्याकडं राहिली आहे हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे आणि निम्म्या आष्टीला ठाऊक आहे, त्यामुळं त्यावर कागद खराब करत नाही. दुसरी गोष्ट. तुझ्या उंबऱ्यातून निघताना मी म्हणालो होतो की यापुढं तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. तो शब्द मी पाळतो आहे. लिहिणार नाही असं मी म्हणालो नव्हतो. खात्री नसेल तर दाजींना विचार, ते दारातच उभे होते.

लिहायचं कारण असं की तुला येत्या शनिवारी इथून फोन येईल. फोन मोनिका नावाच्या मुलीचा असेल. ती आमच्याकडं जेवण आणि दात ही दोन्ही खाती सांभाळते. नर्सिंग शिकली आहे, हसनाबादची आहे, आणि कुणाच्याही तोंडात बॅटरी मारून बघायला तिला काही वाटत नाही. माझ्या भरतीच्या फॉर्मवर 'जबाबदार नातेवाईक' या रकान्यात तुझं नाव आहे. (ते मी सहा वर्षांपूर्वी, बायको गेली तेव्हा लिहिलं होतं. खोडायला गेलो तर कारकून म्हणाला, दुसरं नाव द्या. दुसरं नाव आठवेना.) तर मोनिका तुला माझ्याबद्दल काही गोष्टी सांगणार आहे. त्या सगळ्या खऱ्या आहेत. पण पोरगी घाईत बोलते, एकदम मुद्द्यावर येते, आणि मुद्द्यावर एकदम आल्यानं माणूस फार वाईट दिसतो. म्हणून मी आधी सविस्तर लिहितो. पत्र सर्जेरावबरोबर पाठवतो आहे. तो आत्याला, म्हणजे आमच्या आसराबाईला, भेटायला आला आहे आणि उद्या सकाळच्या गाडीनं आष्टीला परत निघणार आहे.

भाऊबीजेला काय घडलं ते तुला सांगायची गरज नाही, पण माझ्या बाजूनं एकदा लिहून ठेवतो. ताट मांडलं होतं. शेजारी जावईबापू बसले होते, त्यांच्या पलीकडं दाजी. तू ओवाळलंस, मी भाकरीचा पहिला तुकडा मोडला. जावईबापूंची तिसरी भाकरी चालू होती तेव्हा माझी पहिली अर्धी होती. (माणूस सावकाश जेवतो, यात गुन्हा काय?) तेवढ्यात तू आलीस, माझी भाकरी उचललीस, वाटीत कुस्करलीस, वर दूध ओतलंस, आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, "खा दादा, चावत न्हाई ना तुला." जावईबापूंनी मान खाली घातली. हसू लपवायलाच घातली असणार. मंग मी काय केलं? वरची काढली, खालची काढली, दोन्ही ताटाच्या कडेला ठेवली, आणि म्हणालो, "मला दात न्हाईतच म्हणतीस ना? मंग ठेव तुझ्याकडंच." हे वाक्य पूर्ण होईपर्यंत तोंडात दात नव्हते, त्यामुळं त्याचा रुबाब मनात ठरवला होता तेवढा पडला नाही. पण निघण्याची चाल झोकात होती. उठलो, टोपी घातली, निघालो.

परतूरला गाडी बदलेपर्यंत राग चांगला टिकला होता. तिथं शेजारच्या बाईनं भाजलेल्या शेंगा पुढं केल्या आणि माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलो आहे. परत यावं असं वाटलं, खोटं सांगत नाही. पण परत येऊन काय करणार? दात मागायचे तर रागात मागायला हवेत, आणि दातांशिवाय रागात बोलताच येत नाही, सगळी हवा पुढून निघून जाते. लाडीगोडीनं मागायचे तर मग निघालो कशाला होतो. म्हणून शेंगा टोपीत घेतल्या आणि मंठ्याच्या गाडीत बसलो.

आता इथली पद्धत तुला माहीत नाही, ती सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या जेवणघरात दोन पंगती बसतात. एक भाकरीची आणि एक मऊ. भाकरीच्या पंगतीला ज्वारीची भाकरी, भाजी, कांदा, आणि थंडीत कच्चं गाजर. मऊ पंगतीला खिमट, दलिया, दूध आणि एक केळ. कोणी कुठं बसायचं ते मोनिका दात बघून ठरवते. तिचा हेतू चांगला आहे, ज्याला जे चावेल ते त्याला मिळावं एवढाच. पण माणसांची रांग लावली की माणसं त्यात वर आणि खाली शोधतात. मऊ पंगतीत गेलेला माणूस इथं निवृत्त झाल्यासारखा दिसायला लागतो. मग त्याला कोणी मत विचारत नाही, पेपर शेवटी मिळतो, आणि टीव्हीवर काय लावायचं त्याचा निर्णय भाकरीवाले घेतात. मी भाकरीच्या पंगतीत पहिल्या पाटावर बसत होतो. सहा वर्षं. ती जागा सोडायला माझी तयारी नव्हती.

आणि जागा टिकवायची तर तोंड उघडून चालणार नव्हतं. म्हणून त्याच संध्याकाळी मी मौनव्रत घेतलं. पाटीवर लिहून जाहीर केलं, 'मार्गशीर्ष संपेपर्यंत मौन.' (पाटी इथं पूर्वी बालवाडी भरायची तिची आहे. वर अ अननसाचा रंगवलेला आहे, तो काही केल्या जात नाही.) मौनाचा मला दोन दिवसांपुरता उपयोग करायचा होता. पण दैवशाला, न बोलणाऱ्या माणसाला लोक काय मान देतात याची मला चौऱ्याहत्तर वर्षांत कल्पना नव्हती. मोंढ्याच्या बाजारात पस्तीस वर्षं काट्याशेजारी मापाडी म्हणून घसा फोडून वजनं ओरडलो, तेव्हा कोणी 'या बसा' म्हणालं नाही. इथं गप्प बसलो तर चौथ्या दिवशी कांताबाई पाया पडून गेल्या. या कांताबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्या सहसा कोणाच्या पाया पडत नाहीत. मग एकेक जण येऊन शेजारी बसायला लागला आणि आपापल्या सुनांबद्दल सांगायला लागला. मी मान हलवायचो. त्यांना वाटायचं, यांना सगळं समजलं. मला अर्ध्या वेळा भुकेनं गुंगी आलेली असायची.

मोनिकाची बॅटरी दर सोमवारी असते. पहिल्या सोमवारी मी पाटीवर लिहिलं, 'मौनात मुख उघडत नाही.' ती जरा गोंधळली, पण धार्मिक बाब म्हणून तिनं सोडून दिलं. जेवणात मात्र धर्म काही मदत करीना. पंगतीला बसायचो, भाकरी मोडायचो, तुकडा तोंडाशी न्यायचो आणि उपरण्यात टाकायचो. भाजीचा रस्सा प्यायचो. गाजराकडं बघायचो.

हे सगळं एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो म्हणजे माझ्या खोलीतले खुर्शीदभाई. त्यांनी मंठ्याच्या बाजारात चाळीस वर्षं भांड्यांना कल्हई केली. भांडं आतून कसं आहे ते त्यांना बाहेरून कळतं, तसं माझंही कळलं. तिसऱ्या रात्री म्हणाले, "तातेरावभाई, मौन खोलीच्या बाहेर. इथं माझ्यासमोर तोंड उघडा जरा." उघडलं. ते बघून राह्यले, बघून राह्यले, आणि म्हणाले, "बिलकुल साफ काम आहे." मग त्यांनी पेटीतून कमरबीचा खलबत्ता काढला. कमरबी म्हणजे त्यांची बायको, तिला जाऊन चार वर्षं झाली. तिचे दात गेले तेव्हा ती त्यात पान कुटायची. पितळी आहे, जाडजूड, बत्त्यासकट बराबर अडीच किलो. (वजनात माझी चूक होत नाही, ते पुढं येईलच.) त्या दिवसापासून दुपारी सगळे आडवे झाले की आम्ही माझ्या उपरण्यातली भाकरी, त्या परतूरच्या बाईच्या शेंगा आणि गूळ असं त्यात घालून कुटायचो. वर गोधडी पांघरायची, म्हणजे आवाज होत नाही असं आमचं मत होतं.

ते मत चुकीचं निघालं. शेजारच्या खोलीतल्यांनी मोनिकाला सांगितलं की चार नंबरात काहीतरी कांडून राह्यलेत. ती आली. मी मौनात, त्यामुळं उत्तर खुर्शीदभाईंवर आलं. ते म्हणाले, "दवा कूटतोय, बेटा. युनानी." मोनिका गेली, पण दुसऱ्या दिवशी तीन जण दवा मागायला दारात उभे. नाही म्हणता येईना. चिमूट चिमूट दिली. संध्याकाळी तिघांनीही सांगितलं की गुण आला, अंगात जरा ताकद वाटते. वाटणारच. दुपारची शिळी भाकरी आणि शेंगदाणा-गूळ होता तो. तिघांच्याही पोटात महिनाभरात काही घट्ट गेलं नसावं. शेंगा संपल्या आणि आमचा दवाखाना बंद पडला. त्यानंतर नुसती भाकरी कुटायचो. ती घशात बसते, पाण्याबरोबर ढकलावी लागते.

आता वजनाकडं येतो. इथं मला लाज वाटते, म्हणून जरा जलद लिहितो. दर सोमवारी दात बघायच्या आधी वजन होतं. दिवाळीला मी बावन्न किलो तीनशे होतो. नंतर दर आठवड्याला काटा उतरत गेला, आणि पाचव्या सोमवारी सत्तेचाळीस आठशेवर आला. मोनिकाचा नियम असा की पाच किलो उतरलं की जबाबदार नातेवाइकाला फोन करायचा. म्हणजे तुला. म्हणजे तू विचारणार, का उतरलं? आणि ती सांगणार. पुढचा सोमवार जवळ आला तशी माझी झोप गेली. तो दिवस उजाडला आणि मी खुर्शीदभाईंचा खलबत्ता उपरण्यात गुंडाळून पोटाला बांधला, वर सदरा, वर कोट, आणि काट्यावर चढलो.

दैवशाला, तू मला ओळखतेस. मोंढ्यात कुणाच्या पोत्यात दगड निघाला तर मी त्याचं पोतं भर मोंढ्यात उलटं करायचो. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांना हाक मारून दाखवायचो. ओला कापूस मी हात न लावता, वासावर ओळखायचो. आणि तोच मी, कल्हईवाल्याच्या बायकोचा खलबत्ता पोटाशी बांधून काट्यावर. मोनिका म्हणाली, "एकोणपन्नास सातशे. काका, वाढलं की." मी मान हलवली. खरं वजन सत्तेचाळीस दोनशे होतं. काटा काही बोलला नाही. काटे बोलत नाहीत, म्हणून तर त्यांच्याशेजारी मापाडी उभा करायची पद्धत आहे.

खरी चूक तिथून पुढची. मी ठरवलं होतं की एकदाच करायचं, आणि तेवढ्यात तुझ्याकडून दात येतील. (सर्जेराव त्याच आठवड्यात इकडं आला होता. त्याच्याकडून कळलं की दात देवळीत काचेच्या पेल्यात ठेवलेले आहेत आणि तू रोज पेल्यातलं पाणी बदलतेस. त्यानं तुला विचारलं, नेऊन देऊ का? तर तू म्हणालीस, ज्याचे आहेत त्यानं येऊन न्यावेत. मी त्याला पाटीवर लिहून दाखवलं, ज्यानं ठेवून घेतले त्यानं आणून द्यावेत. त्यानं दोन्हीकडं मान हलवली. त्या बिचाऱ्याला ना तुझ्याकडं कोणी चहा विचारला, ना इथं.) पण इथं बातमी पसरली की तातेरावमहाराज मौनात बसले, दूध-केळं शिवत नाहीत, कोरडी भाकरी खातात, आणि वजन वाढतं आहे. म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्याच्या तब्येतीची बातमी ऐकली की आपल्याकडं काहीतरी चुकतं आहे असं वाटतं. दोघांनी मौन घेतलं. आणि आसराबाई, वय ऐंशी, तोंडात दात तीन, तेही एकमेकांना भेटत नाहीत असे, त्या मऊ पंगतीतून पाट उचलून भाकरीच्या पंगतीत येऊन बसल्या. माझ्या शेजारी. मोनिकानं पुष्कळ समजावलं. आसराबाई म्हणाल्या, "तात्याला लागू पडलंय, मंग मला का न्हाई पडणार? मी भाकरीवरच वाढले बाई." आठवडाभर त्या भाकरी चघळत होत्या. मी बघत होतो. त्यांच्या ताटातला तुकडा जसा जायचा तसाच परत यायचा, ओला होऊन. आणि मी मान हलवून राह्यलो होतो.

काल सोमवार होता. काल जालन्याहून दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, तीन महिन्यांनी एकदा येतात. मोनिकानं माझं नाव त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, या काकांचं वजन बघा म्हणून. मी या वेळी खलबत्त्याच्या जोडीला माझं एक किलोचं माप घेतलं होतं. तेच, निवृत्तीच्या दिवशी हमालांनी मला आठवण म्हणून दिलेलं, शिक्का मारलेलं. (पाप करायचं तर प्रमाणित वजनानं करावं, एवढंच त्यात चांगलं.) रांगेत माझ्यापुढं आसराबाई होत्या. त्या चढल्या. मोनिका म्हणाली, "एकोणचाळीस सहाशे." मागच्या सोमवारी त्या एक्केचाळीस शंभर होत्या. एका आठवड्यात दीड किलो. तेवढ्या हाडावरून दीड किलो कुठून निघालं असेल, सांग. आसराबाई खाली उतरल्या, पायरीला जरा अडखळल्या, माझ्या कोटाला धरलं, आणि मला हळूच म्हणाल्या, "तात्या, मला कधी लागू पडल रे?"

मग मी चढलो. मोनिकानं मोठ्यानं सांगितलं, "पन्नास किलो दोनशे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वा, काका काय खातात ते सगळ्यांना कळू द्या. आणि मागून कुणीतरी म्हणालं, उद्यापास्नं मी बी भाकरीत बसतो.

मी कोट काढला. सदऱ्याची बटणं सोडली. उपरणं सोडलं. खलबत्ता काढून टेबलावर ठेवला, त्याशेजारी बत्ता, त्याशेजारी माप. परत काट्यावर चढलो. मोनिका आकडा सांगायचा विसरली. मग माझ्या तोंडून निघालं. चव्वेचाळीस दिवस बंद असलेलं तोंड, दात नाहीत, पण आवाज मोंढ्याचाच निघाला, पार गेटापर्यंत गेला असेल. "शेचाळीस किलो सातशे." मापाड्यानं आकडा पुकारला की तो तिथं संपतो, मग त्यावर कोणी बोलत नाही. इथं मात्र कांताबाई बोलल्या. म्हणाल्या, "अगं बाई, महाराजांना दातच न्हाईत." मी ज्यांच्या सुनांच्या गोष्टी ऐकल्या होत्या त्या सगळ्यांचे चेहरे मला एकाच वेळी दिसले. खुर्शीदभाई खलबत्ता उचलून पुसत होते. म्हणाले, "कमरबीचा होता ना, कधीतरी खरं बोलणारच होता."

आसराबाईंनी एकदा त्या खलबत्त्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाल्या, "मुडद्या, तू उपाशी मरून राह्यला होतास आणि मला बी संगं नेत होतास का?" आणि पुढच्याच क्षणी, "चल, खिमट खायला चल." त्यांनी माझं मनगट धरलं ते मऊ पंगतीत बसवूनच सोडलं.

पुढचं तुला खरं वाटणार नाही. डॉक्टरीणबाईंनी काल सगळ्यांचीच तोंडं उघडली. भाकरीच्या पंगतीतल्या चौदा जणांपैकी सहा जणांना चावायला काहीही नव्हतं. कुणी तुकडा रश्श्यात बुडवून गिळत होतं, कुणी खिशात घालून कुत्र्याला देत होतं. (आवारातलं कुत्रं एवढं तब्येतदार कसं, हा प्रश्न सुटला.) आणि मऊ पंगतीतल्या कांताबाईंचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत निघाले. विचारलं तर म्हणाल्या, मला केळं आवडतं. मोनिका खुर्चीवर बसली आणि वहीतल्या दोन्ही पंगतींच्या याद्या पहिल्यापासून वाचायला लागली. मला तिची दया आली. पोरीनं दात मोजले होते, माणसं मोजायची राहिली होती. आजपासून पंगत एकच आहे. भाकरी पातळ आणि गरम, शेजारी आमटी, ज्याला मोडून खायची त्यानं मोडून खावी, ज्याला भिजवायची त्यानं भिजवावी, आणि दूध-केळं सगळ्यांना. खुर्शीदभाईंची युनानी दवासुद्धा स्वयंपाकघरानं मागून घेतली आहे. सकाळी प्रत्येकाला दोन चमचे. कुटायचं काम त्यांच्याकडंच. खलबत्ता ते दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

माझ्या तोंडाची तपासणी सगळ्यात शेवटी झाली. हिरड्या दोन ठिकाणी सोलल्या आहेत, मलम दिलं आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कवळीला किती वर्षं झाली? मी म्हणालो, नऊ. त्या म्हणाल्या, "काका, हिरड्या झिजतात. ती कवळी तुम्हाला दोन वर्षांपासून बसत नसणार. तुम्ही तिला जिभेनं धरून जेवत होतात." पोतं रिकामं होत जातं आणि सुतळी तेवढीच राहते, तसं. मी त्यांना म्हणालो, काही तरी काय, मला चांगली बसते. त्या म्हणाल्या, "एक भाकरी खायला किती वेळ लागायचा?" मी टोपी शोधायला लागलो. (जावईबापूंची तिसरी आणि माझी अर्धी. तू पाठ करून चुलीकडं बसली होतीस, तरी तुला दिसलं होतं. मला वाटलं होतं, कोणालाच दिसत नाही.)

असो. मोनिका शनिवारी फोन करेल तेव्हा म्हण की मला सगळं माहीत आहे. रडू नकोस, ओरडूही नकोस, आणि इकडं येऊ नकोस. माझं इथं उत्तम चाललं आहे. दाजींना नमस्कार, छकुलीला आशीर्वाद.

तुझा मोठा भाऊ,
तातेराव

ता. क. डॉक्टरीणबाई येत्या सोमवारी नव्या कवळीचं माप घ्यायला परत येणार आहेत. जुनी असेल तर घेऊन या म्हणाल्या, अंदाजाला बरी पडते. हे मी नुसतं कळवतो आहे. हे पत्र दातांसाठी नाही, हे वर लिहिलंच आहे. सर्जेरावबरोबर पाठवू नकोस, तो टोपी एसटीत विसरणारा माणूस आहे. टपालानं तर मुळीच पाठवू नकोस. पेल्यासकट कोणीतरी धरून आणावी लागेल. गाडीत खिडकीशी बसावं, म्हणजे पाणी सांडत नाही.

आणखी एक. आलीस तर मला आधी बोलता येणार नाही, शब्द दिलेला आहे. तू सुरुवात कर. तू बोलल्यावर मी उत्तर दिलं तर ते बोलणं धरलं जात नाही. मी खुर्शीदभाईंना विचारलं, त्यांचंही मत तसंच आहे.

शेवटचं. नवी कवळी यायला पाच-सहा आठवडे लागतील. तोवर मऊच खायचं आहे. इथलं खिमट चांगलं असतं, पण त्याला चव अशी काही नाही. सोमवारी येताना डब्यात एक भाकरी आण, दुधात कुस्करलेली. जावई नसतील तर खाईन. दोघांना पुरेल एवढी आण, आसराबाई शेजारी बसतात. आणि दुधात साखर घालू नकोस. भाऊबीजेला घातली होतीस. मला ती तेव्हाही आवडली नव्हती, पण भांडणाच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं.